सगळ्यांनी एकच खाल्लं, मग टायफॉइड मलाच का?

टॉवेलवाला (२ फेब्रुवारी, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस गादीवर पडून होतो, आजपासून जरा बसवतंय म्हणून धागा काढतोय. टायफॉइड निघाला. १८ जानेवारीला संध्याकाळी कारखान्यातून आलो (अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा), अंगात कसकस होती, म्हटलं थंडीचं असेल, पॅरासिटामॉल घेतली आणि झोपलो. ताप उतरायचा आणि परत चढायचा, रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्तच, पाचव्या दिवशी १०३. मग रक्त दिलं, कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघतात ती तपासणी) आला.

आता प्रश्न. १५ तारखेला आम्ही घरचे चौघं गड्ड्याला (आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) गेलो होतो. होम मैदानावर भेळ खाल्ली, दोन प्लेट चौघांत. पोरांनी वर बर्फाचा गोळा हाणला, मी तर तो पण खाल्ला नाही. बायको ठणठणीत, दोन्ही पोरं ठणठणीत आणि मी आडवा. रोज सकाळी पेजेची वाटी पुढं ठेवताना बायको म्हणते, "खा अजून भेळ." अहो पण तिनं पण खाल्ली ना! जंतू काय आधार कार्ड बघून आत शिरतात का? हे अंगात नेमके शिरतात कसे, आणि एकाला धरून तिघांना सोडतात कसे, कुणी नीट सांगेल का? गूगलवर वाचायला गेलं की माझा ताप परत चढतोय.

कडक_भाकरी (२ फेब्रुवारी, रात्री ११.५२)

काय करलालास बे, आधी बरा हो की. आणि दोन प्लेट चौघांत? एवढी कंजुषी केल्यावर सिद्धेश्वर महाराज बघतच असतील.

बाराबंदी (३ फेब्रुवारी, सकाळी ६.३०)

गड्ड्याला नावं ठेवू नका हो. चाळीस वर्षं जातोय, भेळ, भजी, गोळा सगळं खातोय, कधी शिंक पण आली नाही.

शंकासुर (३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०)

बाराबंदींशी सहमत. जंतू सगळीकडेच आहेत, आता या मिनिटाला तुमच्या हातावर पण असतील. जमीनच खडकाळ असली तर बी पडून काय उगवणार? आम्ही लहानपणी आडाचं पाणी फडक्यानं गाळून प्यायलो, ओढ्यात म्हशीशेजारी पोहलो, काही झालं नाही. आता आरओ लावून लावून पोरं नाजूक झाली. अंग मजबूत ठेवा, जंतू येतील आणि जातील.

सासुरवाशीण (३ फेब्रुवारी, सकाळी ९.२६)

@शंकासुर, आडाचं पाणी पिऊन ज्यांना काही झालं ते आज धाग्यावर लिहायला कुठं आहेत? माझ्या आजीला अकरा भावंडं, मोठी झाली सहा. बाकीच्यांची नावं पण कुणाला आठवत नाहीत.

लॅबवाली (३ फेब्रुवारी, दुपारी २.०५)

टॉवेलवाला, आधी त्या भेळवाल्याला निर्दोष सोडा. (पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं काढली, त्यातली निम्मी कल्चरच्या टेबलावर.) १५ ला खाल्लं आणि १८ ला ताप, असं टायफॉइडमध्ये होत नाही. साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी तीन-चार पण. खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या असत्या तर भेळेवर संशय घेतला असता, कारण तिथं जंतूनं आधीच पदार्थात विष सोडून ठेवलेलं असतं, आपण ते विषच खातो. टायफॉइडची गोष्ट वेगळी, त्याला आत जाऊन बस्तान बसवायला वेळ लागतो.

कसा शिरतो ते सांगते. तोंडातून पोटात गेला की पहिला नाका पोटातल्या आम्लाचा, तिथं बहुतेक जंतू मरतात. उरलेले लहान आतड्यात उतरतात. आतड्याच्या शेवटच्या भागात अस्तरावर पेशींचे पुंजके असतात, पायर पॅच म्हणतात, ती शरीराची चौकी समजा. चौकीवर एम पेशी असतात, त्यांचं काम म्हणजे आतड्यातून जो माल चाललाय त्याचा नमुना उचलायचा आणि आतल्या पहारेकऱ्यांना दाखवायचा. टायफॉइडचा जंतू नेमका त्याच खिडकीतून आत येतो. आत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी टपलेल्याच असतात, त्या याला गिळतात. गिळल्यावर मेला पाहिजे, पण हा पठ्ठ्या त्या पेशीच्या पोटात तग धरतो, वर तिथंच वाढतो. मग त्याच पेशींबरोबर यकृत, प्लीहा, हाडातला मगज असं सगळीकडे पोचतो. चोर पोलिसाच्याच गाडीत बसून गावभर फिरतोय म्हणा ना. या सगळ्या काळात तुम्हाला काहीही होत नसतं, तुम्ही गड्ड्यात पाळण्यात बसलेले असता. पुरेसे वाढले की परत रक्तात उतरतात, तेव्हा तो पायरी-पायरीनं चढणारा ताप.

तर १८ पासून मागं मोजा. ४ ते ११ जानेवारीच्या आसपास कुठं काय खाल्लं-प्यालं ते आठवा.

टॉवेलवाला (३ फेब्रुवारी, दुपारी २.३१)

आई शप्पथ, पाळण्यात बसलोच होतो. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, भेळ नाही तर दुसरं काहीतरी बाहेरचंच असणार. केस चालूच आहे.

निवृत्त_मास्तर (३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.४५)

आमच्या लहानपणी याला मुदतीचा ताप म्हणत. मुदत म्हणजे तीन आठवडे. घरात एकाला आला की एकवीस दिवस कॅलेंडरवर फुल्या मारायच्या, आणि तिसऱ्या आठवड्यात आई माणसाला उठूच द्यायची नाही, मऊ भात आणि ताकाची निवळ, बस्स. पुढं कळलं की तिच्या त्या हट्टात तथ्य होतं. जंतू पित्ताबरोबर परत आतड्यात येतो, त्याच पुंजक्यांना सूज येते, जखमा होतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एखाद्याचं आतडं फुटायचं. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि मुदत संपली. आता पाच-सहा दिवसांत ताप उतरतो तर लोक गोळ्या अर्ध्यात सोडतात. टॉवेलवाला, कोर्स पुरा करा बरं.

सासुरवाशीण (३ फेब्रुवारी, रात्री ८.१२)

टायफॉइडचा जंतू पित्ताच्या पिशवीत दडून बसतो आणि माणूस ठणठणीत असून इतरांना वाटत फिरतो असं ऐकलंय, खरं का? सासूबाईंच्या पिशवीत खडे आहेत आणि स्वयंपाक त्याच करतात. सहज विचारतेय.

लॅबवाली (३ फेब्रुवारी, रात्री ९.००)

😀 खरं आहे. बरे झालेल्यातले थोडे लोक महिनोन् महिने, कधी जन्मभर वाहक राहतात आणि पित्ताचे खडे असतील तर जंतूला खड्यावर थर करून बसायला जागा मिळते. पण म्हणून सासूबाईंवर वॉरंट काढू नका, आधी त्यांना कधी टायफॉइड झाला होता का ते विचारा.

न्यूयॉर्कची मेरी मॅलन यातली सगळ्यात गाजलेली. स्वयंपाकीण होती, ज्या घरी कामाला लागायची तिथं टायफॉइड निघायचा. १९०७ मध्ये तिला बेटावरच्या दवाखान्यात ठेवलं, १९१० ला स्वयंपाक करणार नाही या बोलीवर सोडलं. नाव बदलून परत स्वयंपाकाला लागली, १९१५ ला परत सापडली आणि १९३८ ला मरेपर्यंत तिथंच राहिली. शिजवलेल्या गरम पदार्थातून जंतू जात नाही, तो मरतो. तिच्या हातचं पीच फळ घातलेलं आइस्क्रीम लोकांना फार आवडायचं म्हणतात, संशय त्यावर होता. आणि हा जंतू माणसाशिवाय दुसऱ्या कुठल्या प्राण्यात राहत नाही. म्हणजे टॉवेलवाला, स्पष्टच बोलायचं तर कुणाची तरी शी तुमच्या पोटात गेलीय.

कडक_भाकरी (३ फेब्रुवारी, रात्री ९.०४)

जेवत वाचलालो ना ताई 😭

नळजोडणी (३ फेब्रुवारी, रात्री १०.४८)

मी प्लंबर आहे, जंतूचं मला काय कळत नाही पण पाण्याचं कळतं. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते आणि रिकामी होताना ओढते. पाणी गेल्या गेल्या खालच्या नळाच्या तोंडाला तळहात लावून बघा, हात ओढून धरतो. आता ही लाइन जर कुठं फुटली असंल, आणि शेजारनं गटार असंल, तर ती काय ओढंल? हवा थोडीच ओढंल. परत पाणी सोडलं की ते सगळं पहिल्या पाण्याला तुमच्या हौदात. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, पहिली पाच-दहा मिनिटं पाणी झाडाला सोडा, वास घ्या, मग हौदात घ्या. लोक म्हणतात पाणी वाया जातंय. आता काय बोलायचं.

एकदा एका गल्लीत रस्ता खोदताना लाइनला चीर गेली होती, कुणी लक्ष दिलं नाही. महिनाभरात त्या ओळीतल्या घरांत कावीळ. मी पाइप उघडला तेव्हा आत केसाचा पुंजका आणि गुटख्याची पुडी होती.

सासुरवाशीण (३ फेब्रुवारी, रात्री १०.५५)

गुटख्याची पुडी 🤮 उद्यापासून उकळूनच.

जुळे_सोलापूरकर (४ फेब्रुवारी, सकाळी ७.२०)

पाणी साठवायचं त्रांगडं दुसऱ्या बाजूनं पण आहे. आमच्या गॅलरीत दोन निळी बॅरल, एक जुना हंडा. गेल्या पावसाळ्यात मला आणि मुलीला डेंग्यू. तपासायला ज्या ताई आल्या त्यांनी बॅरलवर टॉर्च मारला, आत वळवळ. मी म्हटलं, अहो हे प्यायचं पाणी आहे, स्वच्छ आहे. त्या म्हणाल्या, त्याला स्वच्छच लागतं दादा. ही मादी पाण्याच्या कडेला ओल्या भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती अंडी सुकी राहून महिनोन् महिने टिकतात. म्हणजे बॅरल नुसतं ओतून उपयोग नाही, आतून घासायला पाहिजे. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतात. आणि चावतो दिवसा. मी मूर्खासारखा रात्री मच्छरदाणी लावून झोपत होतो आणि दुपारी बर्म्युडा घालून गॅलरीत पेपर वाचत होतो.

भीमाकाठ (४ फेब्रुवारी, सकाळी १०.१५)

पंढरपूरहून. जुनी माणसं टायफॉइडपेक्षा पटकीला (कॉलऱ्याला) घाबरायची. पणजी सांगायची, वारीत माणूस सकाळी अभंग म्हणत चालायचा आणि संध्याकाळी गेलेला असायचा. इंग्रजांच्या काळात तर वारी आणि पटकी ही जोडीच होती. आमच्या गावाच्या वेशीवर मरीआईचं ठाणं आहे, तिचा गाडा शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून यायचे. त्या गावचे रात्री पुढं ढकलायचे. साथ कशी पसरते हे लोकांना बरोबर कळलं होतं, फक्त वाहन चुकलं 😄

पटकीचा जंतू पण असाच पोलिसाच्या गाडीतून फिरतो का?

औषधवाला (४ फेब्रुवारी, दुपारी १२.४०)

नाही, तो उंबरा ओलांडतच नाही, गंमत तीच आहे. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या अस्तराला बाहेरूनच चिकटतो, रक्तात वगैरे जात नाही. तिथं बसून विष सोडतो. ते विष अस्तराच्या पेशीत जाऊन असं बटण दाबतं की पेशी आतलं मीठ बाहेर टाकत राहते आणि मिठामागं पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, लिटरवर लिटर. माणूस जंतूनं मरत नाही, पाणी संपून मरतो. हे विष असतं हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर दाखवलं. जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी आतड्यात सोडलं तरी आतडं पाण्यानं फुगलं. त्यांचं नाव आपल्याकडं किती जणांनी ऐकलंय?

आणि बटण दाबलेलं असलं तरी साखर आणि मीठ एकत्र दिलं तर पेशी ते आत घेते, त्यामागं पाणी आत येतं. तो रस्ता जंतूला बंद करता येत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी पिंपातनं साखर-मिठाचं पाणी वाटलं. मृत्यू तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. माझ्या दुकानात सगळ्यात स्वस्त जे काय आहे त्यात ओआरएसची पुडी आहे, आणि गिऱ्हाईक मागतं काय, तर जुलाब "बंद" करायची गोळी.

शंकासुर (४ फेब्रुवारी, दुपारी ३.३०)

कॉलऱ्यावरूनच बोलतो मग. जर्मनीत माक्स फॉन पेटेनकोफर म्हणून मोठा शास्त्रज्ञ होता, त्यानं १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या जंतूंचं पाणी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख म्हणतो जंतूनं रोग होतो, घ्या, पितो. काय झालं? थोडं पोट बिघडलं, बस्स. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा. मग माझं काय चुकलं?

निवृत्त_मास्तर (४ फेब्रुवारी, दुपारी ४.०२)

अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच्या शिष्यानं, एमेरिखनं, पण तेच प्यायलं आणि त्याची पार दैना झाली. एकच जंतू, एकच प्रयोग, दोन माणसं, दोन निकाल. म्हणजे टॉवेलवाल्याचाच प्रश्न झाला की हा.

शंकासुर (४ फेब्रुवारी, दुपारी ४.१०)

तेच तर म्हणतोय! शिष्य नाजूक होता.

लॅबवाली (४ फेब्रुवारी, रात्री ९.२०)

शंकासुर, तुमचं अर्धं बरोबर आहे म्हणून राग येतो 😀 माणसागणिक फरक पडतो, नक्की पडतो. पण "मजबूत अंग" म्हणजे व्यायामशाळेतलं अंग नाही.

पहिलं, किती जंतू गेले. अमेरिकेत मेरीलँडला तुरुंगातल्या स्वयंसेवकांना दुधातून मोजून टायफॉइडचे जंतू पाजले होते, निष्कर्ष १९७० मध्ये छापले. एक हजार जंतू पाजले त्यातलं कुणीच आजारी पडलं नाही. एक लाख पाजले त्यातले २८ टक्के पडले. एक कोटीला निम्मे. शंभर कोटीला ९५ टक्के. म्हणजे शंभर कोटीला पण पाच टक्के लोक हसत घरी. आणि लाखाचा आकडा बघा, चौघांत एक. टॉवेलवाल्याचं घर बघून लिहिल्यासारखं.

पण हे सगळ्या जंतूंना लागू नाही. रक्ती हगवणीचा शिगेला असतो त्याचे दहा ते शंभर पुरतात, कारण त्याला आम्ल सोसतं. न धुतलेल्या हातावर तेवढे आरामात बसतात. कॉलऱ्याला मात्र भरपूर लागतात, तो आम्लाला घाबरतो. पेटेनकोफरनं पिण्याआधी सोडा घेतला होता, आम्ल मारायला, म्हणजे नाका उघडा ठेवून आत सोडलं, हे मात्र त्याचं प्रामाणिकपण मानायला पाहिजे.

दुसरं, आधीची ओळख. पूर्वी थोडेथोडे जंतू अंगात येऊन गेले असतील, लस घेतली असेल, तर चौकीवर फोटो लावलेला असतो. बाराबंदींचं चाळीस वर्षांचं गड्ड्याचं सर्व्हिस रेकॉर्ड यात धरा.

बाराबंदी (४ फेब्रुवारी, रात्री ९.२८)

धन्यवाद. प्रमाणपत्र द्याल का?

सासुरवाशीण (४ फेब्रुवारी, रात्री ९.४१)

तुरुंगातल्या लोकांना टायफॉइड पाजला?? आणि याला स्वयंसेवक म्हणायचं? कोंडलेला माणूस नाही म्हणू शकतो का?

लॅबवाली (४ फेब्रुवारी, रात्री ९.५०)

आता असं चालत नाही. नंतर औषध देऊन बरं करत होते, पण तुमचा प्रश्न रास्त आहे. आकडे वापरताना मला पण दर वेळी खटकतं.

घरकुलची (५ फेब्रुवारी, रात्री १२.१५)

मी सहसा वाचते, लिहीत नाही. पण 'कसा शिरतो' यावरून लिहावंसं वाटलं. आई विड्या वळायची. विडी घरकुलला (विडी कामगारांची वसाहत) दहा बाय दहाची खोली, खिडकी एकच, ती पण वाऱ्यानं तंबाखू उडते म्हणून बंद. मी नववीत असताना आईला टीबी निघाला. दुसऱ्या दिवशी चुलत्यांनी तिचं ताट, तांब्या, वाटी वेगळी केली. खिळ्यानं ताटाच्या मागं फुली मारली, चुकून कुणी घेऊ नये म्हणून. आई त्या फुलीवर बोट फिरवत बसायची.

दवाखान्यातल्या सिस्टरनं मला विचारलं, ताटं वेगळी केली का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, ताटानं काही होत नाही गं, खिडकी उघड. मग तिनं समजावलं, खोकल्यातून जे बारीक तुषार उडतात ते सुकून इतके हलके होतात की खोलीतल्या हवेत तासन् तास तरंगतात, आपण ते श्वासातून घेतो आणि ते पार फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात. मोठा थेंब नाकातच अडकतो, हा इतका बारीक की अडकत नाही. तिथं पण त्याच भक्षक पेशी गिळतात आणि तिथं पण हा मरत नाही (लॅबवाली ताईंचं वाचून आत्ता आठवलं). आणि शिरला म्हणजे रोग झालाच असं नाही, बहुतेकांच्यात तो कोंडून झोपून राहतो, शंभरातल्या पाच-दहा जणांच्यात आयुष्यात कधीतरी उठतो.

मी घरी येऊन खिडकी उघडली. तंबाखू उडाली, आई रागावली. सहा महिने औषध घेतलं, बरी झाली, आता माझ्या पोराला शाळेत सोडायला जाते. ते फुलीचं ताट अजून आहे, त्यात आम्ही पापड वाळवतो.

कडक_भाकरी (५ फेब्रुवारी, सकाळी ७.०५)

वहिनी, यावर चेष्टा सुचली नाही. आईंना नमस्कार सांगा.

नळजोडणी (५ फेब्रुवारी, सकाळी ७.४०)

एक माझा पण प्रश्न. गंजका पत्रा लागला की धनुर्वात होतो, मग गंज खरवडून इंजेक्शनला न्यायचा का? मला महिन्यात दोनदा लागतं.

औषधवाला (५ फेब्रुवारी, सकाळी ११.२०)

गंजाचा दोष नाही, जंतूचं बी माती-शेणात असतं, गंजक्या खिळ्यावर ती माती असते. त्याला हवा चालत नाही, म्हणून वरवरचं खरचटलेलं कमी धोक्याचं, खोल भोसकलेलं जास्त. तोंड मिटलेली खोल जखम म्हणजे त्याला बंद खोली. तुमचा डोस शेवटचा कधी झालाय ते बघा आणि प्रत्येक वेळी नवीन घ्यायला दुकानात येऊ नका, डॉक्टरांना विचारा.

बाकी टॉवेलवाला कुठं गायब? एक विचारायचं राहिलं, ॲसिडिटीची गोळी घेता का हो रोज?

टॉवेलवाला (६ फेब्रुवारी, रात्री १०.१०)

आहे, आहे. दोन दिवस तपास करत होतो. आधी सांगतो, लॅबवाली ताईंनी ४ ते ११ म्हटल्यावर मोबाइलमधले फोटो काढून बसलो. ५ जानेवारी, रविवार, मंगळवेढ्याकडं हुरडा पार्टी, कारखान्यातले आम्ही बारा-तेरा जण आणि काहींची पोरं. फोटोत माझ्या हातात हुरडा आहे (गरम, थेट आगटीतून काढून चोळलेला, तो निर्दोष) आणि दुसऱ्या हातात ताकाचा ग्लास. झूम केलं तर ताकात बर्फ. बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर आणली होती, ते मला आता आठवतंय. घरचे आले नव्हते, पोरांची परीक्षा होती.

मग कारखान्याच्या ग्रुपवर सहज टाकलं, हुरड्यानंतर कुणाला ताप आला का? वॉर्पिंगवाल्याचा फोन. त्याच्या नऊ वर्षांच्या पोरीला २० तारखेपासून ताप, तिला पण टायफॉइडच निघाला, आणि ते आठवडाभर तिच्या शाळेबाहेरच्या चिंचावालीला शिव्या देत होते. बाकी सगळे ठीक. म्हणजे माझा प्रश्न होता तिथंच आहे, फक्त चौघांऐवजी तेरा.

आता @औषधवाला. तुम्हाला कसं कळलं? सहा महिने झाले, रोज सकाळी उपाशीपोटी एक. एकदा जळजळीला डॉक्टरांनी पंधरा दिवसांची दिली होती, बरं वाटलं म्हणून मीच चालू ठेवली, शेंगाचटणी सुटत नाही ना. हे सांगितल्याबरोबर बायको हातातली वाटी खाली ठेवून नुसती बघत राहिली. ती सहा महिने म्हणतेय, कशाला रोज रोज गोळी.

औषधवाला (६ फेब्रुवारी, रात्री १०.२२)

काउंटरवर उभा राहतो ना, निम्मं सोलापूर ती गोळी फुटाण्यासारखी नेतं. पहिला नाकाच तुम्ही सहा महिने उघडा ठेवला होता. पेटेनकोफरनं एक दिवस सोडा घेतला, तुम्ही रोज.

लॅबवाली (६ फेब्रुवारी, रात्री १०.४०)

थांबा, एकदम फाशी देऊ नका. आम्ल कमी असलं की कमी जंतूंनी पण काम होतं हे खरंय, पण यांना त्यामुळंच झाला असं सिद्ध कुणी करू शकत नाही. बर्फाचा जो तुकडा यांच्या ग्लासात पडला त्यातच जास्त जंतू असतील, थंडीनं ते मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. ती पोरगी काही ॲसिडिटीची गोळी घेत नव्हती, तिला आधीची ओळख नसणार, लहान आहे. आणि बर्फावरच खापर फोडायचं तर तो पण संशयच, लादी आता कुठं आहे तपासायला? गोळीचं डॉक्टरांशी बोला, आपल्या मनानं चालू केलीत तशी आपल्या मनानं बंद करू नका, काहींना ती खरंच लागते.

आणि एक धंद्यातली गोष्ट. तुम्ही कल्चर केलंत ते बरं केलंत. लोक ताप आला की दुसऱ्या दिवशी विडाल करून घेतात आणि आकडा बघून घाबरतात. विडाल १८९६ ची टेस्ट, ती जंतू बघतच नाही, जंतूविरुद्ध अंगानं काय बनवलं ते बघते, जुन्या टायफॉइडनं पण पॉझिटिव्ह येते. कल्चर मात्र अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यायचं. दोन-तीन दिवस लागतात, पण प्लेटवर फिकट पारदर्शक ठिपके दिसले की (शेजारी ई-कोलाय या आतड्यातल्या दुसऱ्या जंतूचे गुलाबी दिसतात) कळतं, सापडला.

शंकासुर (६ फेब्रुवारी, रात्री ११.०५)

म्हणजे अंगाची चौकी महत्त्वाची हे शेवटी आलंच की. मी हेच म्हणत होतो.

सासुरवाशीण (६ फेब्रुवारी, रात्री ११.०७)

@शंकासुर, ताकातली शी पण महत्त्वाची.

टॉवेलवाला (७ फेब्रुवारी, सकाळी ८.३०)

आज पहिल्यांदा भाकरी मिळाली, मऊ, दुधात कुस्करून. वॉर्पिंगवाल्याच्या पोरीचा ताप उतरलाय, त्यानं चिंचावालीकडून चिंचा घेऊन भरपाई केली म्हणतो. भेळेचा विषय घरात अधिकृतपणे मागं घेतला गेला नाही, पण आज पेज देताना टोमणा आला नाही, एवढी प्रगती.

बाराबंदी (७ फेब्रुवारी, सकाळी ८.४४)

भेळवाला निर्दोष सुटलाच आहे तर गाडी नेमकी कुठं लागते तेवढं सांगा. गड्डा उठायच्या आत जाऊन येतो.